कोण बोलायलंय?

आमच्याकडे, म्हणजे धर्माबाद, बिलोली, उमरी या पट्ट्यात, फोन लावणारा माणूस आधी स्वतःचं नाव सांगत नाही. पलीकडून ‘हॅलो’ आलं की तोच विचारतो, ‘‘कोण बोलायलंय?’’ आणि फोन उचलणारा निमूटपणे आपलं नाव सांगून टाकतो. पुण्या-मुंबईची मंडळी यावर हसतात. पण ही सवय अख्ख्या गल्लीत एकच फोन असायचा त्या काळातली आहे. पलीकडे दुकानदार असेल, त्याचा पोरगा असेल, की सहज टेकलेला कुणी पाहुणा, याचा नेम नसायचा. त्यामुळे विचारणं भागच होतं.

टेलिफोनच्या जाळ्यांच्या सुरक्षेचा इतिहास मी वाचायला घेतला तेव्हा हाच प्रश्न मला पानोपानी भेटत गेला. ‘सुरक्षा मानकं’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर जाडजूड सरकारी फाइल येते. आत डोकावलं तर त्यात मुळात एक करार असतो: कोणी कोणाला आपली ओळख पटवायची? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा करार अनेकदा नव्याने लिहिला गेला. बहुतेक वेळा असं ठरलं, की लहानाने मोठ्याला ओळख पटवायची, मोठ्याने लहानाला पटवायची गरज नाही. आणि चोर दरवेळी तिथूनच आत शिरला.

गोळ्याची गोष्ट

करार नीट कसा लिहावा याचा उत्तम नमुना रेल्वेत होता. धर्माबाद हे मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचं स्टेशन. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात ही मीटरगेज लाइन पडली. एकेरी मार्गावरची सगळ्यात मोठी भीती म्हणजे समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या. त्यावर उपाय म्हणून भारतातल्या एकेरी मार्गांवर वर्षानुवर्षं ‘नील्स बॉल टोकन’ नावाचं यंत्र वापरलं गेलं.

शेजारशेजारच्या दोन स्टेशनांत अशी दोन यंत्रं असत, तारेने एकमेकांना जोडलेली. यंत्रात लोखंडी गोळे. ड्रायव्हरच्या हाती गोळा पडल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जाऊ शकत नसे. आणि पलीकडच्या स्टेशन मास्तरने आपल्या यंत्रावरून संमती दिल्याशिवाय इकडचा गोळा सुटत नसे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नसे. वेताच्या कडीला बांधलेल्या पिशवीत घालून तो गोळा ड्रायव्हरकडे दिला जाई.

यातली खुबी अशी, की कुणाच्या शब्दावर काहीच अवलंबून नाही. दोन्ही टोकांनी हो म्हटलं तरच काम पुढे सरकतं. स्टेशन मोठं की छोटं, जंक्शन की आडगाव, यंत्राला फरक पडत नाही. आजच्या मोबाइल अभियांत्रिकीत याला ‘परस्पर ओळख’ म्हणता येईल. गाड्यांसाठी ती शंभर वर्षांपूर्वी होती. माणसांच्या बोलण्यासाठी मात्र तिची फार वाट पाहावी लागली.

ऑपरेटरचा कान

पहिल्या पिढीतल्या टेलिफोनची सुरक्षा म्हणजे एक माणूस. एक्स्चेंजमधला ऑपरेटर दोन तारा जोडून द्यायचा, आणि मनात आणलं तर सगळं ऐकू शकायचा. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास ताटकळलेली पिढी अजून घराघरात आहे. त्यांना विचारा, फोनवर काय बोलायचं नसतं. व्यापाऱ्यांचे भावसुद्धा सूचक शब्दांत असत. आमच्याकडे मिरचीचा मोठा बाजार आहे. तिथला जुना अडत्या आजही फोनवर आकडा मोघमच बोलतो.

हा कान बंद करण्याची सुरुवात अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या एका माणसाने केली. आल्मन स्ट्रॉजर हा अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यावसायिक. प्रतिस्पर्ध्याची बायकोच एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असून ती आपल्या गिऱ्हाइकांचे फोन नवऱ्याकडे वळवते, असा त्याचा संशय होता, असं सांगतात. चिडून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं स्वयंचलित एक्स्चेंज शोधून काढलं. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. म्हणजे आपण जे नंबर ‘डायल’ करतो त्याचं मूळ निव्वळ सोयीत नाही, मधल्या माणसावरच्या अविश्वासातही आहे.

हे स्वातंत्र्य भारतातल्या खेड्यांपर्यंत यायला जवळपास शतक लागलं. ऑगस्ट १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली. तिने १२८ लाइनींचं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बनवलं, धुळीत आणि उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय चालणारं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. त्यानंतर गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. ऑपरेटरचा कान गेला. बूथवाल्याचा मात्र राहिला, कारण काचेच्या खोपट्याचं दार कधी धड लागायचं नाही.

धोका कुणाला, कुणापासून?

इथे एक प्रश्न नीट सोडवायला हवा. जाळं सुरक्षित ठेवायचं, म्हणजे कुणापासून?

हैदराबाद मुक्तिसंग्रामात रूळ उखडणं, तारा तोडणं, करोडगिरी नाके जाळणं हा कार्यक्रमाचाच भाग होता. आमच्या शेजारच्या उमरीतली बँक ३० जानेवारी १९४८ रोजी लढ्यासाठी लुटली गेली. निजामाच्या दफ्तरात ही माणसं म्हणजे गुन्हेगार. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तीच माणसं स्वातंत्र्यसैनिक झाली. त्यांनी तोडलेली तार त्याच राज्याच्या कामाची होती, त्यामुळे तिची ‘सुरक्षा’ म्हणजे राज्यकर्त्यांची सुरक्षा होती.

ब्रिटिश भारतात हा दृष्टिकोन १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात पक्का झाला होता. कलम ५ नुसार सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी सरकार संदेश अडवू शकतं, वाचू शकतं. स्वातंत्र्यानंतर कायदा राहिला, कलमही सुधारणांसह राहिलं. पण ते कसं वापरायचं याचे नियमच शंभराहून अधिक वर्षं नव्हते. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही संघटना राजकारण्यांचे फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला: टेलिफोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे, आणि गृहसचिवांच्या पातळीवरच्या लेखी आदेशाशिवाय ते ऐकता येणार नाही. २००७ मध्ये ‘नियम ४१९-अ’ म्हणून ही चौकट नियमांत आली.

माझ्या मते हा निकाल म्हणजे भारतीय दूरसंचाराचं एक महत्त्वाचं सुरक्षा मानक आहे. त्यात यंत्राचं नाव नाही. पण ऐकणाऱ्यालाही आपली ओळख आणि कारण कागदावर मांडावं लागेल, असं त्यात पहिल्यांदा ठरलं.

शिट्टी आणि क्लब

दरम्यान यंत्रांच्या जगात वेगळाच घोळ चालला होता. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या लाइनींवर यंत्रांचे हुकूम आणि माणसांचं बोलणं एकाच तारेवरून जायचं. २६०० हर्ट्झचा सूर आला की यंत्राला वाटायचं, लाइन मोकळी झाली. कंपनीच्या अभियंत्यांनी हे सूर स्वतःच तांत्रिक नियतकालिकात छापले होते. काही उचापती पोरांनी ते वाचले. न्याहारीच्या खोक्यात फुकट मिळणाऱ्या खेळण्यातल्या शिट्टीतून नेमका हाच सूर निघतो, हेही कुणाच्या लक्षात आलं. झालं, जगभर फुकट फोन. ‘ॲपल’ काढण्याआधी स्टीव्ह जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझनियॅक यांनी असे सूर काढणारे ‘ब्लू बॉक्स’ विकले होते.

यावर उपाय म्हणून हुकुमांसाठी स्वतंत्र वाट काढली गेली. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचं मानक ठरलं: ‘एसएस७’. ग्राहकाच्या शिट्टीला आता यंत्र फसणार नव्हतं. पण मानक लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली. या वाटेवर फक्त टेलिफोन कंपन्या असतील, त्याही मोजक्या, बहुतेक सरकारी, एकमेकींना ओळखणाऱ्या. मग एकमेकींना ‘कोण बोलायलंय?’ विचारायचं कशाला?

पुढे जगभर शेकडो कंपन्या झाल्या आणि या क्लबात शिरायला पैसे मोजले की पुरू लागले. डिसेंबर २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी जाहीर प्रात्यक्षिकं दाखवली: एसएस७ वर प्रवेश असेल तर जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचा ठावठिकाणा कळतो, त्याचे एसएमएस वळवता येतात. २०१७ मध्ये जर्मनीतच चोरांनी याच वाटेने बँकेचे ओटीपी पळवून खाती रिकामी केली. क्लबाबाहेरच्याला अडवलं होतं, क्लबातल्याला विचारलंच नव्हतं.

सीमेवरचा टॉवर

आता मोबाइलकडे येऊ, आणि पुन्हा धर्माबादकडे. पुढे बासर, तिथून तेलंगणा सुरू. पण दूरसंचार खात्याच्या नकाशात राज्यांऐवजी ‘सर्कल’ असतात. मुंबई शहराचं वेगळं सर्कल आहे. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक, तर तेलंगणा आणि आंध्र अजूनही एकाच सर्कलमध्ये आहेत. त्यामुळे आमच्या सीमेवरच्या गावांत फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा. रोमिंगला पैसे लागायचे त्या काळात शेतात गेलेला माणूस परगावी न जाताच परराज्यात जायचा आणि बॅलन्स खल्लास व्हायचा. शहाणी माणसं सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून ठेवत.

ही कटकट म्हणजे एका मोठ्या गोष्टीचं टोक होतं. टॉवर कुठला हे फोन ठरवतो तरी कसा? टूजीचं उत्तर चक्रावणारं आहे: ज्याचा सिग्नल चांगला आणि जो आपल्याच कंपनीचं नाव सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा. १९८० च्या दशकात युरोपात ‘जीएसएम’चं मानक लिहिलं गेलं. त्यात सिमकार्डाने टॉवरला आपली ओळख गणिताने सिद्ध करायची होती, नाहीतर कंपनीचं बिल बुडेल. टॉवरने मात्र फोनला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. कुणी खोटा टॉवर उभा केला तर फोन बिचारा त्याला आपला नंबर सांगून मोकळा.

बोलणं कुलूपबंद करण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. मुख्य कुलपाचं नाव ‘ए५/१’. किल्ली ६४ बिटांची, पण सुरुवातीला तिचे १० बिट मुद्दाम शून्यच ठेवले जात. निर्यातीसाठी आणखी कच्चं ‘ए५/२’ होतं. आणि कुलूपच न लावण्याची सोय म्हणजे ‘ए५/०’. संवाद फार पक्का बंद झाला तर सरकारांना ऐकता येणार नाही, ही काळजी त्यामागे होती. कुलपाची रचना गुप्त ठेवली होती. १९९९ मध्ये ती उघड झाली आणि त्याच वर्षी ए५/२ फुटलं. २००९ च्या अखेरीस ए५/१ फोडण्याची तयार कोष्टकं लोकांच्या हाती आली.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कोलकात्याहून दिल्लीला. आपण हे मानक जसंच्या तसं घेतलं. इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यात तर ४० बिटांपेक्षा मोठं कुलूप वापरायला परवानगी लागे. त्या काळच्या मानानेही हे कुलूप दुबळं होतं.

थ्रीजीने चूक दुरुस्त केली. आता टॉवरमागच्या नेटवर्कलाही सिमपुढे ओळख पटवावी लागते, अगदी गोळ्याच्या यंत्रासारखी. फाइव्हजीत सिमचा कायमचा क्रमांकही हवेतून उघडा न पाठवता झाकून पाठवण्याची सोय आली. पण साधे फोन अजून टूजीवर चालतात, आणि स्मार्टफोनही रेंज गेली की खाली उतरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकॉकमध्ये गाडीत खोटा टॉवर ठेवून रस्त्यारस्त्याने लाखो फसवे एसएमएस पाठवणारा माणूस पकडला गेला. तीन दशकांपूर्वीचं न विचारलेलं ‘कोण बोलायलंय?’ अजून किंमत वसूल करतंय.

आपले नियम

भारतात या गोष्टींकडे गांभीर्याने पाहणं सुरू झालं ते मुंबईच्या जखमेनंतर. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हल्लेखोरांचे सूत्रधार इंटरनेटवरून फोन करत होते. पुढच्या वर्षी, ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून, आयएमईआय क्रमांक नसलेले स्वस्त हँडसेट बंद करण्यात आले. ३१ मे २०११ रोजी परवान्यांत दुरुस्ती झाली: नेटवर्कमध्ये बसणारं प्रत्येक उपकरण सुरक्षेच्या कसोटीवर तपासलेलं हवं, हलगर्जीपणाला ५० कोटींपर्यंत दंड, आणि १ एप्रिल २०१३ पासून तपासणी भारतातल्याच प्रयोगशाळेत. ती मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली, कारण प्रयोगशाळाच नव्हत्या.

आता बंगळूरूला राष्ट्रीय दूरसंचार सुरक्षा केंद्र आहे. राउटर असो की फाइव्हजीचा भाग, त्याने काय काय सिद्ध करावं याच्या याद्या ते केंद्र बनवतं. त्यांना ‘आयटीसार’ म्हणतात. १५ जून २०२१ पासून कंपन्यांना नवी यंत्रं फक्त ‘विश्वासू स्रोतां’कडूनच घ्यावी लागतात. यादी बारकाईची आहे: उपकरणात कारखान्यातला ठरावीक पासवर्ड नको, नको ते दरवाजे बंद हवेत, कुणी आत आलं तर नोंद राहायला हवी.

तरीही एक दरवाजा कायद्यानेच उघडा असतो: सरकारला ऐकण्यासाठीचा. तो सगळ्या देशांत असतो. २००४–०५ मध्ये ग्रीसमध्ये कुणीतरी त्याच दरवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांमध्ये शिरलेले परदेशी हॅकर याच यंत्रणेपर्यंत पोचले. त्यानंतर अमेरिकी सुरक्षा अधिकाऱ्यांनी लोकांना सल्ला दिला, की पूर्ण एन्क्रिप्शन असलेली ॲप वापरा. एका कानासाठी ठेवलेली फट दुसऱ्या कानालाही पुरते, हे सरकारांनीच मान्य केल्यासारखं झालं. आपल्या नव्या दूरसंचार कायद्याने, २०२३ च्या, ऐकण्याचा अधिकार कायम ठेवला आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नवे नियमही आले. त्यामुळे आयटीसारची यादी कितीही लांब झाली तरी मला त्यातलं हेच पान आधी वाचावंसं वाटतं.

शेवटचं टोक

पण धर्माबादच्या बाजारात कुणाला फसवायचं असेल तर चोराला एसएस७ लागत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये माहीमच्या एका व्यापाऱ्याला रात्री काही मिस्ड कॉल आले. सकाळी सिम बंद, आणि खात्यातून १.८६ कोटी रुपये गेलेले. चोरांनी त्याच्या नंबरचं दुसरं सिम मिळवलं होतं. गणित शाबूत होतं. काउंटरवर ‘तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न नीट विचारला गेला नव्हता. आता सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, आणि जुलै २०२४ पासून सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. असे छोटे नियम कुणाच्या बातमीत नसतात. पण गोळ्याच्या यंत्रासारखेच ते वेळ आणि दुसरी संमती मागतात.

हल्लीचा ‘डिजिटल अरेस्ट’ तर पूर्णपणे उलट्या ओळखीवर चालतो. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि तुम्हालाच आधार दाखवायला लावतो. तो कोण, हे विचारायचं धाडस होत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपण साहेबाला नाव सांगत आलोय, विचारत नाही.

याच ठिकाणी मानकं आता हळूहळू उलटी फिरताहेत. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी परदेशातून भारतीय नंबर लावून येणारे खोटे कॉल गाळणारी यंत्रणा सुरू झाली. पहिल्या २४ तासांत तिने सुमारे १.३५ कोटी कॉल अडवले. तुमच्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर दिसतं: ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकार. बँकेच्या नावाने आलेल्या मेसेजला असं नाव-अक्षर नसेल आणि नुसता दहा आकडी नंबर असेल, तर तो बँकेचा नाही असंच धरून चाला. फोन करणाऱ्याचं नोंदणीतलं नाव पडद्यावर दाखवण्याची शिफारस ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. लावणाऱ्याने आधी नाव सांगायचं, ही रीत आता मानकात येते आहे. आणि तरीही पैसे गेलेच तर पहिल्या तासातच १९३० फिरवा. तिथे तुम्हाला नाव विचारलं जाईल, ते जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र खुपते. ट्राय असो की बंगळूरूचं केंद्र, नियमांचे मसुदे लोकांपुढे ठेवले जातात आणि ठरावीक मुदतीत कुणीही सूचना पाठवू शकतं. मसुदे बहुतेक इंग्रजीत असतात, आणि उत्तरं मुख्यतः कंपन्यांची. ज्याचं सिम कधी इकडे कधी तिकडे पकडतं, ज्याच्या आईच्या हातात अजून बटणांचा फोन आहे, अशा माणसाचा कागद तिथे क्वचितच पोचतो. टूजी कधी बंद करावं, बटणांच्या फोनवर खरं नाव कसं दिसावं, नाव मराठीत दिसेल की नाही, हे प्रश्न दिल्लीत बसून सुचणारे नाहीत. पुढचा मसुदा आला की मुदत संपायच्या आत दोन ओळी का होईना, मराठीत लिहून पाठवा. खाली आपलं नाव आणि गाव लिहायला विसरू नका.